अकोल्याच्या उन्हात गच्चीवरची भाजी: आधी मुळं थंड ठेवा

गच्चीवर भाजी लावते म्हटलं की आमच्या अकोल्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "उन्हाळ्यात जगतं का काही?" जगतं. मे महिन्यात पारा ४५च्या वर असतानाही माझ्या गच्चीवर चवळाई म्हणजे माठ, चिवळीची पालेभाजी, पुदिना, गोडनिंब म्हणजे कढीपत्ता, थोडी भेंडी आणि वरणाला पुरतील एवढ्या मिरच्या निघतात. टमाटे मात्र निघत नाहीत, आणि त्यासाठी मी आता जीवही टाकत नाही.

पहिल्या वर्षी मात्र हाल झाले. फेब्रुवारीत हौसेने बावीस काळ्या पिशव्या भरल्या, वांगी, मिरची, टमाटे सगळं एकदम लावलं आणि गच्चीच्या पश्चिमेच्या कठड्याला ओळीने मांडलं. सकाळ-संध्याकाळ पाणी देत होते. मेच्या मध्यापर्यंत त्यातली चौदा झाडं गेली. पाणी कमी पडलं म्हणून मी आणखी पाणी ओतलं, तर उरलेलीही पिवळी पडली. शेवटी एक वांगं मुळासकट उपटून पिशवी उभी फाडली. पूर्वेच्या बाजूची मुळं पांढरी, तजेलदार होती. पश्चिमेकडची, पिशवीच्या प्लास्टिकला टेकलेली मुळं तपकिरी झाली होती, बोटात धरली तर वरची साल सुटून हातात यायची आणि आतला दोरा तेवढा राहायचा. उकडलेल्या शेंगेची साल सुटते ना, अगदी तशी.

मी शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. घरात एक जुनी तापमापी होती, ती दुपारी तीन वाजता मातीत खुपसून पाहिली. बाहेर हवा ४४. काळ्या पिशवीत पश्चिमेच्या बाजूने दोन बोटं आत ५०. त्याच पिशवीच्या मधोमध ४२. आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यात, ज्यात मी सहज म्हणून पुदिना लावला होता, ३५. त्या दिवशी मला सगळं कळलं. पानाला उन्हाचा मारा सोसायची सोय असते, ते पाणी बाहेर टाकून स्वतःला गार ठेवतं. मुळाला अशी सोय नाही. शेतात वीतभर खाली माती गार असते म्हणून मूळ तिकडे पळतं. कुंडीत त्याला पळायला जागाच नसते. आपल्याकडे कुंडीतलं झाड वरून मरत नाही, खालून मरतं. पुढे जे काही सांगते आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

भांडं कोणतं घ्यायचं

माझी पहिली पसंती थर्माकोलच्या खोक्याला. औषधांची दुकानं, फळवाले, मासळीवाले यांच्याकडे ही खोकी पडून असतात, मागितली तर देतात. दोन फूट लांब आणि नऊ-दहा इंच खोल मिळालं तर सोडू नका. गरम केलेल्या पेचकसाने भोकं पाडा. थर्माकोल उन्हाने भुरभुरीत होतो, म्हणून बाहेरून चुन्याचे दोन हात द्या किंवा जुनी चुंगडी, म्हणजे पोती, गुंडाळा. तेलातला रंग लावू नका, त्यातल्या थिनरने थर्माकोल विरघळतो. माझं एक खोकं तसंच गेलं. नीट जपलं तर एक खोकं तीन उन्हाळे काढतं. मासळीचं असेल तर साबणाने धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा, नाहीतर मांजरी माती उकरतात.

दुसरी पसंती रंगाच्या २० लिटरच्या पांढऱ्या बादल्यांना. मिरची, वांगं, भेंडी यांना तेवढी जागा पुरते. वेलांना आणि गोडनिंबाला निळा २०० लिटरचा ड्रम आडवा कापून त्याचा अर्धा भाग द्यावा. निळा रंग तापतो, त्याला बाहेरून चुना हवाच. तेलाचे पत्र्याचे पिपे मी उन्हात ठेवत नाही, सावलीत सांबारासाठी, म्हणजे कोथिंबिरीसाठी, वापरते. आणि विदर्भात प्रत्येक घरात जी वस्तू निघते ती म्हणजे जुन्या कूलरची टाकी. तळ गंजला असेल तर आयतीच भोकं. रुंद आणि उथळ असल्यामुळे पालेभाजीला याहून चांगलं भांडं नाही. फक्त पत्रा असल्यामुळे ती दुपारच्या सावलीतच हवी.

काळ्या पिशव्या घेतल्याच असतील तर टाकून देऊ नका. त्या एकमेकींना चिकटवून मांडा, बाहेरच्या ओळीला गोणपाट लपेटा. किंवा पिशवी मोठ्या डब्यात ठेवून मधल्या पोकळीत सुकं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, ठासा. कडेचं झाड सोसतं, मधली निवांत राहतात. म्हणून कडेला मी नेहमी गवती चहा ठेवते, त्याला काही होत नाही.

भोकांबद्दल एक गोष्ट मी दोन-तीन उन्हाळे करून पाहिली आहे. बादलीला बुडाला भोक पाडते, पण त्याला बूच लावते. आणि बुडापासून एक इंच वर बाजूला तीन-चार भोकं पाडते. उन्हाळाभर बुडाशी इंचभर पाणी साठून राहतं आणि खालची माती ते दिवसभर वर ओढत राहते. पावसाळ्यात बूच काढायचं. हे विसरलात तर जुलैत मुळं सडतील.

जागा

गच्ची म्हणजे सगळी सारखी नसते. जिन्याच्या खोलीच्या पूर्वेला सकाळी सातपासून दुपारी बारा-एकपर्यंत ऊन मिळतं, मग भिंतीची सावली येते. उन्हाळ्यात भाजीला इतकं ऊन भरपूर झालं. पाण्याच्या टाकीची उत्तर-पूर्व बाजू तशीच. पश्चिमेचा कठडा मार्च ते जून रिकामा ठेवा. तिथली भिंत संध्याकाळी सातलाही हात लावू देत नाही, ती रात्री उशिरापर्यंत गरम वाफ टाकत असते.

मार्चच्या मध्यापासून मी हिरवी जाळी बांधते, ५० टक्के सावलीची. ७५ किंवा ९० टक्क्यांची जाळी गाडी झाकायला ठीक, भाजी तिच्याखाली उंच आणि लेचीपेची होते, फुलं धरत नाही. जाळी डोक्याच्या वर, सात-आठ फुटांवर बांधा म्हणजे खालून वारा खेळतो. झाडाला चिकटून टाकली तर आत भट्टी होते. पश्चिमेला एक पडदा खाली सोडायचा, त्याला जुनी सुती साडी चालते. आमच्याकडे मे महिन्यात वादळवारं सुटतं, म्हणून जाळीची टोकं सुतळीने गाठवण्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधते. ट्यूब ताणते, जाळी फाटत नाही.

भांडं थेट स्लॅबवर ठेवू नका. दोन विटा द्या. खालून हवा जाते, स्लॅबची धग लागत नाही, आणि ओल एकाच जागी मुरत राहत नाही. वजनाचा विचार आधी करा: ओल्या मातीची २० लिटरची बादली २५ ते ३० किलो भरते. वापरात असलेल्या गच्चीचं डिझाइन साधारण चौरस मीटरमागे १५० किलो भार धरून केलेलं असतं. म्हणून जड ड्रम खालच्या मजल्याच्या भिंती आणि बीम जिथे असतील तिथेच, गच्चीच्या मध्ये हलकी खोकी. घर जुनं असेल तर आधी माहितगार माणसाला दाखवा.

माती

आमच्याकडे काळी कसदार माती फुकट मिळते, आणि कुंडीत तीच घात करते. शेतात ती सोनं आहे. कुंडीत ती वाळली की आकसते, भांड्याच्या कडेपासून बोटभर सुटते, आणि तुम्ही ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. खालून पाणी वाहताना दिसतं, आपल्याला वाटतं भरपूर झालं, आणि मधला गोळा दगडासारखा कोरडाच असतो. ही फसगत मी पुष्कळ घरी पाहिली आहे. असं झालंच असेल तर सुरीने फट बुजवून माती हलवा आणि पाणी तीन वेळा थांबून थांबून द्या.

माझं मिश्रण असं: दोन भाग माती, दोन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग अर्धवट कुजलेलं कुटार. २० लिटरच्या बादलीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट बादलीत भिजवून, पिळून, ते पाणी फेकायचं. असं दोनदा, कारण त्यात बरेचदा मीठ असतं. मिश्रण तयार झालं की मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे. गोळा फुटत नसेल तर माती जास्त आहे, गोळा होतच नसेल तर खत-कोकोपीट जास्त आहे.

खोकं भरताना खालचा तिसरा हिस्सा मी मातीने भरत नाही. कडुनिंबाचा, आंब्याचा सुका पाला, सोयाबीनचं कुटार पायाने दाबून भरते, वर बोटभर शेणखत, मग मिश्रण. वजन कमी होतं, निचरा राहतो, आणि तीन-चार महिन्यांत तो पाला बसून माती होते. पाल्यातून माती घडवायचा हा विचार कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवार’ या शेतकऱ्यांच्या गटाने आपल्याकडे पुष्कळांच्या मनात रुजवला. माझ्या वडिलांना मात्र तो कुणी शिकवावा लागला नव्हता, ते धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, काडीकचरा जाळणाऱ्यावर चिडायचे.

आणि वर आच्छादन. तुरीचं, गव्हाचं, सोयाबीनचं, जे मिळेल ते कुटार दोन-तीन इंच जाड पसरा, खोडापाशी दोन बोटं मोकळी सोडा. आच्छादन असलेल्या खोक्याला मी एकदा पाणी देते तिथे उघड्या खोक्याला दोनदा द्यावं लागतं. शहरात कुटार मिळालं नाही तर नारळाच्या शेंड्या, उसाची चिपाडं, वाळलेली फुलं-निर्माल्य, काहीही चालेल. एप्रिल-मेत उघडी माती दिसता कामा नये.

पाणी, आणि पाण्यातलं मीठ

माझं माहेर दर्यापूरकडचं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथे विहिरीला पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. त्या पाण्याने शेत भिजवलं तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होते हे आम्हाला लहानपणापासून माहीत. आणि तरीही गच्चीवर तीच चूक मी केली. एका उन्हाळ्यात नळ बरेच दिवसांनी यायचा, म्हणून महिनाभर बोअरचं पाणी घातलं. आधी मिरचीच्या पानांच्या कडा जळल्यासारख्या झाल्या. मग नवीन पान बारीक यायला लागलं. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी पापुद्र्यासारखी खपली दिसली. जिभेला लावून पाहिली, खारट. दहा मिरच्यांपैकी दोन उरल्या.

त्याचं कारण साधं आहे. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. रोज पाणी, रोज थोडं मीठ. शेतात पाऊस ते खाली नेतो, कुंडीत ते साठतच जातं. म्हणून बोअरचं पाणी मचूळ असेल तर हे नियम पाळा.

कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडाला कधीही घालू नका. वाया जाऊ नये म्हणून पुष्कळ जण घालतात. कूलर दिवसभर पाणी उडवत असतो, त्यामुळे टाकीत उरतं ते मूळ पाण्यापेक्षा किती तरी खारट असतं. कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर बसतो तोच तुमच्या मुळांवर बसतो. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणीही असंच, ते लादी पुसायला वापरा. याच्या उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतलं असतं, त्यात मीठ जवळपास नसतंच. शेजारच्या वहिनींच्या एसीखाली मी बादली ठेवते, रोज ती भरते, आणि मिरचीला तेच पाणी जातं. डाळ-तांदूळ धुतल्याचं पाणी उत्तम. भाजी उकडलेलं पाणी मीठ घातलेलं नसेल तरच, तेही गार करून.

गोडं पाणी थोडं असेल तर ते कुणाला द्यायचं हे ठरवावं लागतं. घेवडा आणि मिरची मीठ अजिबात सोसत नाहीत, त्यांना नळाचंच. पालक आणि चिवळ पुष्कळ सोसतात, त्यांना निम्मं निम्मं चालतं.

आता वेळ. सकाळी सहा ते सात, सूर्य तापायच्या आत भरपूर, म्हणजे बाजूच्या भोकातून पाणी येईपर्यंत. मेमध्ये दिवस मावळल्यावर पुन्हा थोडं. नळीने देत असाल तर नळीतलं पहिलं पाणी बादलीत सोडा. संध्याकाळी सहालाही ते हात भाजण्याइतकं गरम असतं. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून धावू नका. दोडका, काकडीची पानं दुपारी मान टाकतातच आणि संध्याकाळी आपोआप उठतात. बोट दोन पेरं मातीत घाला. वापसा असेल, म्हणजे माती ओलसर पण बोटाला चिखल लागत नाही अशी असेल, तर पाणी देऊ नका. सकाळी उठूनही पानं मलूल असतील तर मात्र खरी तहान आहे, किंवा मूळ सडलं आहे. तेही बोट घातल्यावर कळतं.

अर्ध्या ड्रमात मी एक लहान मडकं गळ्यापर्यंत पुरते, दीड-दोन लिटरचं, रंग न दिलेलं, साध्या भाजलेल्या लाल मातीचं. आत पाणी भरायचं, वर वाटी झाकायची. ते झिरपत राहतं आणि मुळं त्याच्याभोवती जाळं विणतात. दोन-तीन दिवसांनी भरावं लागतं. गावाला जायचं असेल तर याच्यासारखा आधार नाही. खाऱ्या पाण्याने त्याची छिद्रं बुजतात, म्हणून यातही गोडंच पाणी, आणि दर वर्षी नवं मडकं. कुंभाराकडे ते फार महाग पडत नाही.

काय, केव्हा

आपल्याकडे वर्ष जूनमध्ये सुरू होतं. मृगाचा पाऊस झाला की भेंडी, गवार, चवळी, अंबाडी पेरा. वांग्याचं रोप तयार ठेवा. भेंडीला मी परभणी क्रांती हे मराठवाडा कृषी विद्यापीठाचं वाण लावते, कारण पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या हळद्या रोगाला ते बऱ्यापैकी दाद देत नाही आणि बी धरून पुढच्या वर्षी पेरता येतं. सप्टेंबरच्या शेवटापासून टमाटे, मेथी, पालक, मुळा, सांबार. संक्रांत उलटली की उन्हाळी भेंडी, काकडी, दोडका. मार्चनंतर गच्चीवर चवळाई आणि चिवळीशिवाय नवं काही पेरू नका. उन्हाळा पार पाडायचा असेल त्या झाडाचं मूळ होळीच्या आत डब्यात पसरलेलं हवं. मिरची होळीला हातभर उंच असेल तर मे काढते, वीतभर असेल तर नाही.

टमाट्याचं सांगते. दिवसा ३५च्या वर आणि रात्री २४-२५च्या वर पारा राहिला की त्याचे परागकण निकामी होतात. झाड हिरवंगार दिसतं, फुलं येतात, आणि देठापासून पिवळी होऊन गळतात. खत घालून, फवारून काही होत नाही. मार्चअखेर शेवटचे टमाटे तोडा आणि झाड काढून कुटारात मिसळा. वांग्याचं तसं नाही. एप्रिलच्या शेवटी फळं थांबली की वांगं गुडघ्याखाली छाटा, आच्छादन वाढवा, जेमतेम पाणी ठेवा. पहिल्या पावसात ते फुटतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये रोपापेक्षा आधी फळ देतं.

उन्हाळ्याच्या खऱ्या भाज्या वेगळ्याच. चवळाई पेरल्यापासून २५-३० दिवसांत खुडायला येते. मुळासकट न उपटता चार बोटं ठेवून कापा, पुन्हा दोनदा फुटते. चिवळ तर पेरायलाही नको. बाजारात जुडी आणली की तिच्या मुळाकडच्या काड्या खोक्यात दाबायच्या. ती जमिनीला चिकटून पसरते, तिच्या पानात पाणी साठलेलं असतं, आणि ४५ अंशांत ती खुलते. मुगाची डाळ घालून केलेली चिवळीची भाजी आणि ज्वारीची भाकर, वैशाखात याहून गार जेवण मला माहीत नाही. अंबाडी आणि मायाळूही उन्हाला घाबरत नाहीत. मायाळूला जाळीच्या खांबावर चढवा, आयती सावली होते.

वेलांना पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, मांडव करा. लोखंडी सळई किंवा तार तापते आणि वेलाचा आधाराला गुंडाळणारा कोवळा तणावा भाजतो. फळ धरत नसेल तर हाताने परागीकरण करा. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नराच्या मागे नुसता देठ. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, दोडक्याची संध्याकाळी. पुष्कळ जण दोडक्याला सकाळी शोधत बसतात आणि फळ का धरत नाही म्हणतात.

सांबार

लोक सर्वात जास्त हेच विचारतात, म्हणून नीट सांगते. धण्याला उगवायला २०-२५ अंश हवे असतात. एप्रिलमध्ये उघड्यावर पेरलं तर बी भाजतं, आणि उगवलंच तरी वीतभर व्हायच्या आत तुरा काढतं.

किराण्यातले जुने धणे घेऊ नका, बियाण्याचे घ्या. पोळपाटावर पसरून लाटण्याने हलकं दाबा, प्रत्येक दाण्याचे दोन फोड झाले पाहिजेत, भुगा नको. एका दाण्यात दोन बिया असतात, म्हणून दाणे फोडायचे. रात्रभर माठातल्या गार पाण्यात भिजवा, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधा आणि पुरचुंडी माठाच्या बुडाला टेकवून दोन दिवस ठेवा. घरात त्याच्याएवढी गार जागा दुसरी नसते. पांढरं टोक डोकावायला लागलं की थर्माकोलच्या खोक्यात अर्धा इंच खोल पेरा, वर ओलं गोणपाट झाका आणि खोकं अशा जागी ठेवा जिथे सकाळी नऊपर्यंतच ऊन येतं. माझ्याकडे ती जागा गच्चीवर नाहीच, खालच्या व्हरांड्यात आहे. गोणपाट सकाळ-संध्याकाळ शिंपडा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज उचलून पाहा. पिवळसर वाकडे कोंब दिसले की त्याच संध्याकाळी गोणपाट काढा. एक दिवस उशीर झाला तर कोंब गोणपाटात अडकून तुटतात. महिनाभराने खुडा. मोठा पाला येणार नाही, वास मात्र भरपूर असतो. दर पंधरा दिवसांनी एक खोकं पेरलं तर जून येईपर्यंत विकत आणावा लागत नाही.

पुदिन्याला एवढं कौतुक लागत नाही. जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवा, आठवड्यात मुळं फुटतात, मग सावलीच्या खोक्यात. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा, ओव्याच्या पानाला पाणी कमीच द्या. गोडनिंब एकदा मोठ्या ड्रमात लावला की जागा बदलू नका. फेब्रुवारीत शेंडे छाटले की उन्हाळाभर कोवळा पाला मिळतो.

खत आणि किडी

अमृतजल मी नियमाने देते. एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, दहा लिटर पाणी; तीन दिवस सावलीत, रोज दोन-तीनदा ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाण्यात मिसळून घालायचं. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. भर मेमध्ये मात्र कोणतंही खत नको. तहानलेल्या झाडाला खत म्हणजे आणखी मीठच. कच्चं शेण कुंडीत कधीच घालू नका, ते कुजताना तापतं.

कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी येतो. पान वरून धुरकट, ठिपके ठिपके दिसतं, उलटं करून पाहिलं तर बारीक जाळं आणि त्यात हलणारे लाल कण. औषधाच्या आधी पाणी वापरा: सकाळी सहाला पानांच्या खालून जोरात फवारा, सलग चार दिवस. बहुतेक वेळा एवढ्यावर आवरतं. मिरचीचं पान नावेसारखं वळलं तर चुरडा-मुरडा, आमच्याकडे बोकड्याही म्हणतात. त्याला निंबोळी अर्क. जून-जुलैत कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, त्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवा. ५० ग्रॅम बियांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि संध्याकाळी फवारा. उन्हात फवारलं तर पानं करपतात. भेंडीची शिर पिवळी झाली, म्हणजे हळद्या आला, तर उपाय शोधू नका. ते झाड त्याच दिवशी काढा, नाहीतर पांढरी माशी तो बाकीच्या झाडांवर नेते.

नवतपा ते पहिला पाऊस

२५ मेच्या सुमाराला सूर्य रोहिणीत जातो आणि नऊ दिवस नवतपा. या नऊ दिवसांत लावणं, उपटणं, छाटणं, खत घालणं सगळं बंद. पाणी द्या, आच्छादन पाहा, पश्चिमेच्या पडद्यावर आणखी एक साडी टाका, आणि संध्याकाळी विटांवर आणि स्लॅबवर एक बादली शिंपडा. झाडं वाढत नाहीत, नुसती तग धरतात, तेवढं पुरेसं आहे. पक्ष्यांसाठी एक पसरट परळ पाण्याने भरून ठेवा. तहानेने पक्षी कोवळे शेंडे तोडतात, पाणी असलं की तोडत नाहीत.

मग मृग. पहिल्या सरीला मी छत्री घेऊन गच्चीवर जाते. सगळ्या बादल्यांच्या बुडाची बुचं काढते, आच्छादन बाजूला सारते आणि पावसाला कुंड्यांतून आरपार वाहू देते. दोन-तीन चांगल्या सरी तशा गेल्या की उन्हाळाभराचं मीठ खालून निघून जातं. हे पाणी उताराकडे सोडा, दुसऱ्या कुंडीत जाऊ देऊ नका. जाळी मात्र उघडीप असताना एकदम काढू नका. ढगाळ दिवस पाहून काढा, नाहीतर सावलीला सरावलेली पानं एका दुपारी पांढरी पडतात. त्यानंतर चार दिवस थांबा, वापसा येऊ द्या, माती वरवर खुरपा, मूठभर निंबोळी पेंड मिसळा आणि भेंडीचं बी रात्री भिजत घाला.